पुरातून निघालेली सायकल

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा जिन्याखालची माझी सायकल आठवडाभर पाण्यात होती. नळीखालून पाय घालून मी शिकलो, ती हीच. यंदा ती उघडली. हबमधून वाळलेला गाळ निघाला. छर्रे गंजून एकमेकांना चिकटलेले. सगळं रॉकेलमध्ये बुडवलं, कप बदलले, ग्रीस भरलं, मागच्या चाकाच्या ४० तारा एकेक ओढून आउट काढला. लेकीसाठी नळीवर छोटी सीट बसवली, पुढे बास्केट लावली. रंग मात्र दिला नाही. चेनकव्हरवर वडिलांनी ऑइलपेंटनं लिहिलेलं माझं नाव अजून वाचता येतं. एवढ्यात नवी आली असती, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० मध्ये आपल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. यंत्र उघडून बघायची ओढ आपल्या जिल्ह्यात अशी सायकलवरूनच आली, असं मी मानतो. परवा पहाटे गणपती मंदिरापासून पुलापर्यंत गेलो. घंटी लेकीनं वाजवली, सगळ्या वाटेवर.