नळाला कॉफी!

आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येते. ते कधी पहाटे पाचला येते, कधी रात्री साडेअकराला. आणि कधी नुसताच फुसफुस आवाज करून नळ गप्प बसतो. अशा गावात माझा चुलतभाऊ नळाला कॉफी आणायला निघाला आहे. हे सांगितले तेव्हा वर्गातले मित्र पोट धरून हसले. खरे सांगायचे तर मीही हसलो होतो. पण गेले दोन महिने आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला भाजी-भाकरीबरोबर हाच एक विषय वाढला जात आहे, आणि आता मला हसू येत नाही. या वादात आपले मत नेमके काय, ते एकदा लिहून पाहावे म्हणून हा खटाटोप.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कॉलेजकडून एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकांचे किराणा दुकान आहे. संध्याकाळी सहा ते नऊ गल्ल्यावर मी बसतो. दोन वर्षांपूर्वी दादा पुण्याची नोकरी सोडून परत आला, आणि दुकानाला काचेचे दार, दोन मोठे फ्रीज आणि 'कन्व्हीनियन्स स्टोअर' अशी पाटी लागली. काका त्याला 'सोयीचे दुकान' म्हणतात. "म्हणजे आजवर काय गैरसोयीचे होते का रे?" असेही विचारतात. पण पाटी बदलली तरी गल्ला फारसा बदलला नाही. महिन्याची यादी घेऊन येणारी गिऱ्हाइके गावाबाहेरच्या मोठ्या मार्टकडे वळली. उरलेल्यांपैकी बरीचशी मोबाइलवरून मागवतात. या दुकानावर आमची दोन घरे चालतात, माझी फी भरली जाते, आणि बावीस वर्षे पोती उचलणाऱ्या मामांचा पगारही त्यातूनच निघतो.

दादाचे म्हणणे असे की, साखर आणि साबण कुणीही घरपोच देईल. पण रस्त्यावरून जाणाऱ्याच्या हातात गारेगार पेला कोणी देणार? त्यासाठी दुकानच हवे. काकांचे म्हणणे एका वाक्याचे आहे : "न उकळलेले काही मी कुणाला प्यायला देणार नाही."

ज्यांना ही वस्तू ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कोल्ड ब्रू म्हणजे बर्फ घातलेली गरम कॉफी नव्हे. कॉफीच्या भाजलेल्या बिया जाडसर भरडायच्या, थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजत ठेवायच्या आणि मग गाळून घ्यायच्या. चूल नाही, उकळी नाही. उष्णतेचे काम इथे वेळ करतो. असा अर्क गरम कॉफीपेक्षा कमी कडू आणि कमी आंबट लागतो. तो स्टीलच्या पिंपात भरून, थंड ठेवून, नायट्रोजन वायूच्या दाबाने तोटीतून पेल्यात सोडला की वर साईसारखा फेस येतो. हीच नळाची कॉफी.

कल्पना काही कालची नाही. जपानात उंच काचेच्या उपकरणातून थेंब थेंब गार पाणी सोडून कॉफी काढण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत टॉड सिम्पसन याने १९६४ साली थंड पाण्यात कॉफी काढण्याचे साधे घरगुती भांडे बाजारात आणले. स्टारबक्ससारख्या मोठ्या कंपनीने अमेरिकेतल्या दुकानांत कोल्ड ब्रू २०१५ मध्ये आणि नळाची नायट्रो कॉफी २०१६ मध्ये सुरू केली, तेव्हा तिचा गाजावाजा झाला. शिवाय थंडपणा आणि सोयीचे दुकान यांचे नाते फार जुने आहे. ज्या सेव्हन-इलेव्हनने २०२१ मध्ये मुंबईत अंधेरीला भारतातले आपले पहिले दुकान उघडले, तिचा जन्म १९२७ साली डॅलस शहरातल्या एका बर्फाच्या वखारीत झाला. बर्फ न्यायला येणाऱ्या लोकांना दूध, पाव आणि अंडीही तिथेच मिळू लागली, आणि त्यातून हा धंदा वाढला. तेव्हा दादाच्या डोक्यात आलेली गोष्ट अगदीच हवेतली नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

कॉफीही आपल्याला परकी नाही. चिकमगळूर आणि कोडगू आपल्या शेजारच्याच राज्यात आहेत. मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस १९३६ साली उघडले. आपल्या घरी मात्र कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि भांड्याच्या काठापर्यंत आलेली उकळी. काकांचा सारा विरोध त्या उकळीपाशी येऊन थांबतो. प्रथम मला तो जुन्या माणसाचा हट्ट वाटला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी वही घेऊन हिशेब मांडायला बसलो, आणि हिशेब करता करता मला काका कळू लागले.

हिशेब असा. एक किलो कॉफीला आठ लिटर पाणी. दोन लिटरच्या आसपास पाणी चोथाच पिऊन टाकतो. हाती साधारण सहा लिटर अर्क येतो. त्यात तेवढेच पाणी घातले की बारा लिटर, म्हणजे दोनशे मिलिलिटरचे साठ पेले. दादा म्हणतो ती कॉफी हजार रुपये किलोची. म्हणजे पेल्यामागे सतरा रुपयांची कॉफी. पेला, बर्फ, वायू, वीज आणि पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता वेगळा. शेजारच्या टपरीवर चहा दहा रुपयांना मिळतो. दादाला पेल्याचे ऐंशी रुपये घ्यायचे आहेत. पुण्यात हा भाव चालतही असेल. पण आमच्या कॉलेजच्या पोरांचा खिसा पाहता पन्नासच्या वर जाणे म्हणजे नळ शोभेला लावणे होय.

पण भाव ही या हिशेबातली सोपी बाजू आहे. अवघड बाजू पुढे येते. साठ पेल्यांपैकी तीसच खपले आणि उरलेले ओतून द्यावे लागले, तर पेल्यामागची कॉफी सतराची तेहतीस रुपये होते. रात्री नऊ वाजले आहेत, पिंपात अर्धी कॉफी आहे, ठरवलेली मुदत आज संपते आहे, आणि उद्या सकाळी आठला पहिले गिऱ्हाईक येणार आहे. ती कॉफी ओतायची की ठेवायची? गल्ल्यावर त्या वेळी मीच असणार. पिंपात काय आहे, कधीचे आहे, हे माझ्याशिवाय कुणालाही दिसणार नाही.

इथेच काकांची उकळी आठवते. टपरीवरचा चहा आपण का पितो? तो आपल्या डोळ्यांदेखत उकळतो म्हणून. पाणी कुठले, भांडे कसे, हे आपण विचारत नाही. त्या सगळ्याची ग्वाही उकळी देते. उसाचा रस समोर निघतो. तराजूचा काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असतो. आमच्या दुकानात मागे रव्याच्या पोत्यात अळ्या निघाल्या, तेव्हा काकांनी सबंध पोते मागे काढले. त्यात मोठेपणा होताच. पण अळी गिऱ्हाइकालाही दिसत होती, हेही खरे. नळाच्या कॉफीत असे काही दिसत नाही. भांडी नीट धुतली नाहीत, नळी आठवडाभर तशीच राहिली, पाणी गाळलेले नव्हते, तरी वर फेस तितकाच देखणा येणार.

कुणी म्हणेल, हा बागुलबुवा आहे. शीतपेयांच्या बाटल्या कुठे कुणी आपल्यासमोर उकळतो? बरोबर आहे. पण बाटलीचे उत्तरदायित्व कारखान्याचे असते, आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. पिंप आम्ही भरणार, म्हणून उत्तरही आम्हीच द्यायचे. आणि भीती निव्वळ कल्पनेतली नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने नायट्रोजन भरलेल्या कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून परत मागवले. कोणी आजारी पडले नव्हते; पण हवा नसलेल्या, फारशा आंबट नसलेल्या पेयात बोट्युलिझमचे जंतू वाढून विष तयार होऊ शकते, अशी शंका होती. थंडी हा त्यावरचा मोठा बंदोबस्त. म्हणजे पिंप सतत पाच अंश सेल्सियसच्या आत राहिले पाहिजे. आणि आमच्या गावात उन्हाळ्यात दुपारची वीज किती इमानाने असते, हे मी सांगायला नको.

मग माझे मत काय? नळ लावू नये, असे मी म्हणत नाही. दुकान जगायचे असेल तर त्याने नवे काही विकले पाहिजे, आणि कॉफी ही काही लाज वाटावी अशी वस्तू नव्हे. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हनने २०१३ पासून दुकानातल्या यंत्रावर शंभर येनमध्ये ताजी कॉफी द्यायला सुरुवात केली. तिथे गिऱ्हाईक स्वतः यंत्राखाली पेला ठेवते, आणि त्या पेल्यापुरती बी दळून कॉफी समोर गळते. सोयीच्या दुकानातली कॉफी स्वस्त आणि सचोटीची असू शकते, हे त्यावरून दिसते. आमच्या नळात मात्र हे समोर घडणे नाही. म्हणून जे यंत्र दाखवत नाही ते माणसांनी दाखवले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

ते कसे? पहिली गोष्ट, कर्ज आत्ता काढू नये. महिनाभर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कॉफी भिजवावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि वेळाळ्याने विकावी. रोज किती पेले जातात हे कळले की तोटीचा विचार करावा. फेसासाठी हप्ता भरण्याइतकी आमची ऐपत नाही. दुसरी गोष्ट, दारात एक पाटी टांगावी : कॉफी कधी भिजवली, कधी गाळली, कोणत्या दिवशी ओतून देणार, आणि भांडी कोणी धुतली. फ्रीजचा तापमापक गिऱ्हाइकाकडे तोंड करून असावा, तराजूच्या काट्यासारखा. तिसरी, चार तासांपेक्षा जास्त वेळ वीज गेली तर साठा ओतायचा. तिथे चर्चा नाही. चौथी, अर्क पाणी न घालता कुणाला द्यायचा नाही, आणि शाळेच्या गणवेशातल्या मुलांना तर मुळीच नाही. परीक्षेच्या दिवसांत रात्र जागवायला दोन-दोन पेले मागणारे आमचे मित्र माझ्यावर चिडतील, चिडोत बापडे.

आणि शेवटची गोष्ट. दादाच्या नकाशात तोटी जिथे उभी राहणार आहे, तिथे आज तराजू आणि सुट्या डाळीचे डबे आहेत. पावशेर तूरडाळ, दहा रुपयांची साखर मागणाऱ्या म्हाताऱ्या तिथे येतात. त्यांच्यामुळे गल्ला भरत नाही, हे मला कळते. पण हे दुकान बावीस वर्षांहून अधिक काळ त्या काट्याच्या जोरावर उभे आहे. उद्या लोक आमची न उकळलेली कॉफी पितील, तर ती याच दुकानाचे माप त्यांनी पाहिलेले आहे म्हणून. तो तराजू अडगळीत टाकून नळ लावणे म्हणजे विहीर बुजवून तिच्यावर रहाट बसवण्यासारखे आहे. तोटी कोपऱ्यातल्या बिस्किटांच्या मांडणीपाशी लावता येईल. मी जागा मोजून पाहिली आहे, बसते.

गेल्या रविवारी काकूच्या डब्यात आम्ही पाव किलो कॉफी भिजवली. सोमवारी सकाळी गाळली. काकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि "यात साखर कुठाय?" असे विचारले. दादा बर्फाबद्दल, फेसाबद्दल बरेच बोलत राहिला. काका ऐकत होते. मग त्यांनी डब्याचे झाकण उघडून आतून बोट फिरवले, वास घेतला, आणि मामांना माळ्यावरची जुनी पाटी आणि खडू काढायला सांगितले. पाटीवर त्यांनी वार आणि वेळ लिहिली. मत अजून दिलेले नाही.

वाचक मित्रहो, आणि प्राध्यापक महोदयही, स्टँडकडे जाताना कधी दुकानात डोकवा. आधी पाटी वाचा. तारीख जुनी दिसली तर गल्ल्यावर जो कोणी बसला असेल, त्याला खुशाल चार शब्द सुनवा. तो बहुधा मीच असेन.