काट्याचा अंमल आणि घरचे ताट

महागाव तालुक्यातील अंगणवाड्यांतून दर महिन्याला बालकांचे जे वजन घेतले जाते त्यामागील हेतू पवित्र आहे, हे प्रारंभीच निःसंदिग्ध शब्दांत नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. तेव्हापासून काट्याच्या झोळीत बसलेल्या लेकराचा आकडा सेविकेच्या दप्तरी नोंदला जाऊ लागला, आणि ज्या बालकाचे वजन महिनोमहिने वाढत नाही त्याची विचारपूस करण्यास सरकार बांधले गेले. ही विचारपूस यापुढेही झालीच पाहिजे. परंतु काटा हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष काढण्याऐवजी त्यालाच न्यायासनावर बसवण्याची जी वहिवाट शहरांतून निघून आता फुलसावंगी, गुंज, हिवरा यांसारख्या गावांतील घरांपर्यंत येऊन पोहोचली आहे, ती कुटुंबाच्या आरोग्याला अपायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ही वहिवाट कशी चालते ते प्रत्येक वाचकाने पाहिलेले आहे. भरल्या अंगाच्या मुलीच्या ताटातील भाकरी आई, आत्या आणि शेजारीण अशा तिघीजणी मोजतात, आणि ‘पोरगी सुटली, आता हिचं जमायचं कसं’ हा घोर तिच्यादेखतच लावून घेतात. त्याच पंगतीत तिच्या किरकोळ अंगाच्या भावाला, भूक भागली असताही, ‘याच्या अंगालाच लागत नाही’ म्हणून बळेबळे वाढले जाते. एकीला आपल्या भुकेची लाज वाटू लागते, दुसऱ्याला आपल्या तृप्तीवर विश्वास ठेवता येईनासा होतो, आणि अन्न ज्या आनंदाने घरात शिजते तो आनंद दोघांच्याही वाट्याला येत नाही. पुढे ती मुलगी रात्रीचे जेवण सोडते, भात वर्ज्य करते, गुरुवार आणि चतुर्थी यांच्या जोडीला आणखी एखादा उपवास वजनासाठी म्हणून धरते, आणि तो साबुदाण्यावर काढते.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात आहारावर मोठे वादळ उठले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा असे सांगत होते, ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा असे सांगत होत्या, आणि घरोघर त्यांचे पक्ष पडले होते. दोघांच्याही सद्हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्या वादात चर्चा झाली ती प्रामुख्याने घड्याळाची. ताटात काय आहे, आणि ते घरातील कोणाच्या वाट्याला कितपत येते, हा प्रश्न मागे राहिला, आणि आमच्या भागात तर तोच पहिला प्रश्न आहे.

वजनावरून प्रकृतीचा निवाडा करण्याचे जे सूत्र आज सर्वत्र प्रचलित आहे, ते वैद्यकातून जन्मलेच नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेल्जममधील संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी लोकसमूहांचे वर्णन करण्यासाठी काढली; तिला आजचे ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी दिले. समूहाच्या वर्णनासाठी घडवलेले माप एकेका माणसाला लावले की कसा घोटाळा होतो, याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच पुण्याने जगाला दिलेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. दोघांचा हा निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. जे माप दोघांना एकच दाखला देते, त्याच्या भरवशावर सडपातळ माणसाला निर्धास्त करणे आणि स्थूल माणसाला अपराधी ठरवणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या आहेत. बारीक अंगाच्या कित्येक माणसांना मधुमेह जडतो, आणि ‘मला कशाला साखर होईल’ या समजुतीने ती तपासणीला जातच नाहीत, हा त्या अविचाराचा परिणाम होय.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांचा जो अभ्यास केला, तो मला याहून मोलाचा वाटतो. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. ही खेड्यातील बाळे हाडामांसाने उणी होती, परंतु त्वचेखालील मेद त्यांनी त्या मानाने टिकवून धरला होता. आणि ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. शेतात राबणाऱ्या त्या स्त्रियांच्या बाबतीत पोटात किती गेले यापेक्षा काय गेले याला अधिक महत्त्व होते, असा या निष्कर्षाचा सरळ अर्थ मी घेतो.

आता तो अर्थ आमच्या मुलखाला लावून पाहावा. अंबाडी, तरोटा, चिवळ, पाथरी, घोळ, पावसाळ्यातील कटुले, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, तुरीच्या ओल्या दाण्यांचे सोले आणि ज्वारीची भाकरी, इतकी संपदा ज्या पैनगंगेच्या आणि पूसच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या अंगणात आणि बांधावर उभी होती, तेथील माणसाला आहारशास्त्र शिकण्यासाठी परमुलखात जाण्याची गरज नव्हती. परंतु कपाशी आणि सोयाबीन यांनी ज्वारीची वावरे व्यापली. रानडुकरे आणि पाखरे यांच्यापासून कणसे राखणे परवडेनासे झाले. तण मारणारी औषधे आली आणि तणासोबत भाजीही मेली. रेशनवर गहू आणि तांदूळ मिळू लागले, आणि पोत्यातील धान्यानुसार चुलीवरचे अन्न बदलले. कपाशीच्या तासांमध्ये तूर तेवढी टिकून आहे. अशा स्थितीत वीस रुपयांचा बिस्किटपुडा लेकराच्या हाती येतो तो आईच्या अज्ञानामुळे येतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. पहाटे वेचणीला निघालेल्या आईला तोच एक पदार्थ न रांधता मिळतो.

आणि या सर्वांच्या तळाशी एक जुने दुखणे आहे, ज्याविषयी बोलायला आपण अजूनही कचरतो. घरातील स्त्री सर्वांच्या मागून जेवते, आणि जे उरले असेल ते जेवते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, २०.८ टक्के ठरलेल्या मापापेक्षा कृश आहेत आणि २३.४ टक्के स्थूल. म्हणजे रक्तक्षयाची व्याप्ती या दोन्ही टोकांहून कितीतरी मोठी आहे. शिळी पोळी आणि वरणाचे पाणी यांवर दिवस काढणारी बाई कृश असली तर तिची कीव करावी आणि स्थूल असली तर तिला कमी खाण्याचा उपदेश करावा, ही रीत मला निर्दयपणाची वाटते. दोघींनाही हवी आहे ती सर्वांसोबत बसून खाल्लेली भाजी, डाळ आणि भाकरी.

उपासमारीचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे वर उल्लेखिलेल्या कीज यांनीच मिनेसोटा विद्यापीठात दाखवून दिले. १९४४-४५ मध्ये त्यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले; ती माणसे चिडखोर आणि उदास झाली, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली, आणि निर्बंध उठल्यावरही कित्येकांची खा-खा दीर्घकाळ शमली नाही. त्याच विद्यापीठातील डायॅन न्यूमार्क-श्टायनर यांनी पुढे किशोरवयीन मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा डाएट करणाऱ्या मुलांचे वजन काही वर्षांनी इतरांपेक्षा अधिक वाढलेले आढळले. उपास घडवून आणि हिणवून जे साधायचे असते, त्याच्या नेमके उलट घडते.

अमेरिकेतीलच आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कुटुंबासाठी जी कामाची वाटणी सुचवली, ती मला सर्वांत समंजस वाटते. काय शिजवायचे, केव्हा आणि कोठे वाढायचे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे, किंवा खायचे की नाही, हे मुलाने ठरवावे. ताटावर बसून आग्रह नको, धाक नको, आणि शरीराविषयी एक शब्दही नको. ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्याने डॉक्टरांचे पथ्य अवश्य पाळावे. अकारण वजन घटू लागले तर विनाविलंब दवाखाना गाठावा. प्रकृतीची मोजदाद करायचीच असेल तर हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासावा, झोप कशी लागते आणि चालताना दम लागतो काय ते विचारावे.

महागावच्या घराघरांतील सासवांना, सासऱ्यांना आणि कर्त्या पुरुषांना माझी हात जोडून विनंती आहे: आज रात्रीपासून सुनेला आणि लेकीला आपल्याच पंगतीला बसवा, सर्वांच्या ताटात एकच अन्न वाढा, आणि कोणाच्याही अंगकाठीचा उल्लेख जेवताना करू नका. तसेच ग्रामपंचायतींनी अंगणवाडीच्या आवारात शेवगा लावावा आणि अंबाडीचा एक वाफा राखावा. त्यासाठी वरून हुकूम येण्याची वाट पाहू नये.