शेतकऱ्याचे वय आणि दप्तरातील जन्मतारीख

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, हातवीज-अंजनावळ्यापासून तळेघर-आहुप्यापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात, वृद्ध शेतकऱ्यास जन्मतारीख विचारली असता तारखेऐवजी पुष्कळदा एखादी आठवण सांगितली जाते. कोणी १९६७ च्या कोयना भूकंपाचा हवाला देतो, कोणी १९७२ च्या दुष्काळात आपण केवढे होतो ते सांगतो. ज्यांचे नाव शाळेत घातले गेले, त्यांच्या दाखल्यावर बहुधा १ जून ही तारीख आढळते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि गुरुजी अंदाजाने वय धरून तीच तारीख लिहीत. नारायणगाव, मंचर ह्या बागायती गावांतही जुन्या पिढीची स्थिती फार निराळी नाही.

एरवी ह्यावाचून कोणाचे काही अडत नसे. आता शेतकऱ्यांच्या याद्या संगणकावर आल्या आहेत आणि ठराविक वयाच्या व्यक्ती वेचून काढण्याचे काम यंत्र क्षणात करते. परंतु यंत्रास जसे सांगावे तसेच ते करते. म्हणून वय कसे मोजावयाचे, हे सांगणाऱ्याने आधी निश्चित केले पाहिजे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचेच उदाहरण घेऊ. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, जनावराचा हल्ला अशा अपघातांत शेतकरी मृत्युमुखी पडल्यास त्याच्या वारसास दोन लाख रुपये मिळतात. बिबट्याचा वावर असलेल्या ह्या दोन तालुक्यांत योजनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वयाची अट १० ते ७५ वर्षे अशी आहे. हे वय अपघाताच्या दिवशी किती होते, ते पाहावयास हवे. अर्ज छाननीस घेतला त्या दिवशीचे वय येथे निरुपयोगी होय. तरीही आजच्या तारखेवरून वय काढण्याची सवय सर्वत्र आढळते, कारण संगणकास आजची तारीख आपोआप ठाऊक असते.

दुसरी चुकीची सवय म्हणजे नुसत्या वर्षांची वजाबाकी. समजा, अपघात १४ ऑगस्ट २०२५ रोजी झाला आणि मुलाचा जन्म २० नोव्हेंबर २०१५ चा आहे. वजाबाकीने १० येतात, पण मुलास दहावे वर्ष पूर्ण झालेले नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या अल्पभूधारकास प्रवेश मिळतो आणि वयानुसार मासिक हप्ता ५५ पासून २०० रुपयांपर्यंत वाढत जातो. २० नोव्हेंबर १९८४ रोजी जन्मलेला शेतकरी त्याच ऑगस्टात अर्ज करील, तर वजाबाकी त्यास ४१ वर्षांचा ठरवून परत पाठवील, वास्तविक तो ४० चाच आहे.

काही ठिकाणी दिवस मोजून त्यांस ३६५ ने भागतात. ही रीत वरकरणी अधिक शास्त्रीय दिसते, म्हणून अधिक फसवी आहे. १४ ऑगस्ट १९५० ते १४ ऑगस्ट २०२५ ह्या ७५ वर्षांत २९ फेब्रुवारी १९ वेळा येते. भागाकार करणारा त्या माणसाची पंचाहत्तरी १९ दिवस आधीच साजरी करतो.

खरी रीत ह्याहून सोपी आहे. प्रत्येक नोंदीचे वय काढीत बसू नये. अपघाताच्या दिनांकातून १० वर्षे मागे जाऊन एकच मर्यादा-तारीख ठरवावी, येथे १४ ऑगस्ट २०१५, आणि ज्यांची जन्मतारीख त्या दिवशी वा त्यापूर्वी येते ते घ्यावेत. लीप वर्षांचा प्रश्न मग बहुतांशी उरतच नाही आणि लाख नोंदींची यादीही झटकन चाळली जाते. अर्थात जन्मतारीख खऱ्या तारखेच्या स्वरूपात, चार अंकी वर्षासह साठविलेली असली पाहिजे. वय हा रकाना तर नोंदवहीत ठेवूच नये. भरल्यापासून वर्षभरात तो खोटा ठरतो.

वरच्या टोकाला मात्र गणिताने भागत नाही. '७५ पर्यंत' म्हणजे पंचाहत्तरावे वर्ष पूर्ण होताच हक्क संपला, की शहात्तरावे पूर्ण होईपर्यंत तो ७५ चाच धरावयाचा? नुसत्या शब्दांवरून दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि दोहोंत पुरे एक वर्ष जाते. हा निर्णय यादी गाळणाऱ्या कर्मचाऱ्यावर सोपविणे आम्हांस गैर वाटते. त्याचा लेखी खुलासा घेऊन जुन्नरास जो अर्थ, तोच आंबेगावास लावावा.

त्याहून गंभीर बाब अंदाजी तारखांची आहे. ज्यांनी केवळ जन्मवर्ष वा अंदाजे वय सांगितले, त्यांच्या आधार नोंदीत १ जानेवारी ही तारीख पडते. त्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेला माणूस कागदावर जवळजवळ वर्षभराने वडील होतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी एका मोटार अपघात प्रकरणात आधारपत्रापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. परंतु जो शाळेतच गेला नाही, त्याचे काय?

आमचे मत असे की, जन्मतारखेशेजारी आणखी एक रकाना असावा: तारीख निश्चित, की केवळ वर्ष ठाऊक. गाळणी करताना निःसंशय पात्र, निःसंशय अपात्र आणि संशयित असे तीन गट पाडावेत. संशयितांपैकी एकाचाही अर्ज चौकशीवाचून नामंजूर होऊ नये. घरातील माणूस गेल्यावर तीस दिवसांत अर्ज करावयाचा असतो. त्या दुःखात विधवेने जुन्या दप्तरांचा शोध घ्यावा, ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. तो शोध कार्यालयाने घ्यावा. गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवालाची जन्ममृत्यूची नोंदवही, ह्या कामी उपयोगी पडते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ह्या वह्या तहसिलींतून बाहेर काढून तपासल्या गेल्या आहेत. त्यांत पुष्कळदा बालकाचे नाव नसते, बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. भावंडांच्या तारखा जुळवून त्यातून उकल करावी लागते.

शेतकरी बंधु-भगिनींनीही घरातील वडीलधाऱ्यांच्या दाखल्यावरील, आधारपत्रावरील व शेतकरी नोंदणीतील तारखा सवडीने ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज आताच, खरिपाची घाई नसताना करावा.