वाक्य कुणाच्या तोंडचं?

चेन्नईतल्या वळ्ळुवर कोट्टम या स्मारकात ‘तिरुक्कुरळ’ या प्राचीन तमिळ ग्रंथाच्या १,३३० द्विपदी दगडात कोरलेल्या आहेत, आणि बसमध्येही त्यांतली एखादी प्रवाशाला भेटते. दोन ओळींत विचार पुरा व्हावा म्हणूनच ती रचना झाली, त्यामुळे ती सुटी काढली तरी तिचं काही बिघडत नाही. कादंबरीतलं वाक्य मात्र कुणाच्या तरी तोंडी असतं, एखाद्या प्रसंगात उच्चारलेलं असतं, आणि पुढच्या पानांनी ते खोटंही पाडलेलं असू शकतं. म्हणून कथा-कादंबऱ्यांतली ‘अविस्मरणीय वाक्यं’ वेचून थेट लेखकाच्या नावावर छापण्याची आपली सवय मला घातक वाटते.

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डच्या नावावर फिरणारी कितीतरी सुभाषितं खरं तर ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मधल्या लॉर्ड हेन्रीची आहेत. तारुण्य, सुख, मोह यांवर हा गृहस्थ चटकदार बोलतो. त्या बोलण्याने भारलेला डोरियन तसं जगायला जातो आणि स्वतःचा नाश करून घेतो. कादंबरी हेन्रीच्या वाक्यांची परीक्षाच घेते. संग्रहात वाक्यं तेवढी उरतात, परीक्षा गळून जाते. १८९५ साली लंडनच्या न्यायालयात विरुद्ध पक्षाचे वकील एडवर्ड कार्सन यांनी याच कादंबरीतले उतारे वाचून वाइल्डला धारेवर धरलं. कौतुकासाठी वेचणाऱ्याची आणि आरोपासाठी वेचणाऱ्याची रीत अशी एकच असते.

त्या रीतीला चेन्नईत उत्तर मिळालं. तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन यांची ‘मादोरुभागन’ ही कादंबरी २०१० साली आली. मूल नसलेलं काली आणि पोन्ना हे जोडपं, त्यांना सतत टोचणारं गाव आणि तिरुचेंगोडच्या रथोत्सवातल्या एका रात्री मूल नसलेल्या स्त्रीला परपुरुषाशी संगाची मुभा देणारी जुनी प्रथा हा तिचा विषय. २०१४च्या अखेरीस निवडक पानांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या गेल्या, जातीचा आणि स्त्रियांचा अपमान झाल्याची ओरड उठली, आणि जानेवारी २०१५मध्ये मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेल्याचं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्या. पुष्पा सत्यनारायण यांनी ५ जुलै २०१६ रोजी कादंबरी समग्रपणे विचारात घेऊन त्यांना पुन्हा लिहितं व्हायला सांगितलं. काली-पोन्नाचं एकमेकांवरचं प्रेम ज्याने वाचलं नाही, त्याला त्या रात्रीचा अर्थ लागणं शक्यच नाही. मराठीतही चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर, ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकासाठी, अश्लीलतेचा खटला झाला होता; सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली कथा सबंध वाचूनच त्यांना निर्दोष ठरवलं.

एखादं वाक्य आवडल्यामुळेच पुष्कळजण पुस्तकाकडे वळतात, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे; मग वाक्याखाली पात्राचं नाव आणि प्रसंग लिहावा, कुतूहल वाढेलच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेवटी सगळं लिहिलं लेखकानेच, मग त्याला जबाबदारी झटकता येईल का? मुळीच नाही. पण ती जबाबदारी सबंध रचनेची. कुणाच्या तोंडी काय घातलं, पुढे त्याचं काय झालं, याचा जाब त्याला जरूर विचारावा. कालीची संमती आहे असं खोटं सांगून पोन्नाला उत्सवाला नेलं जातं. या फसवणुकीकडे कादंबरी कोणत्या नजरेने पाहते, यावर मुरुगन यांच्याशी कडक वाद घालता येईल. तो घालायला झेरॉक्सची पानं पुरणार नाहीत.