संपादकाचें स्मरण, संपादनाचें विस्मरण

श्री. पु. भागवत २००७ सालीं निवर्तले. तेव्हांपासून त्यांच्या गौरवाचीं भाषणें आम्हीं पुष्कळ ऐकिलीं. तीं करणाऱ्यांत असेही प्रकाशक असतात कीं, ज्यांच्या पदरीं एकही संपादक नाहीं व जे छपाईचा खर्च लेखकाकडूनच वसूल करितात! या गौरवास आम्ही अवहेलना म्हणतों.

भागवतांचें कार्य काय होतें? हस्तलिखित बारकाईनें वाचणें, त्यांतील उणें लेखकास कळविणें आणि पुनर्लेखनाची वाट पाहणें. 'सत्यकथे'च्या या शिस्तीचा जाच अनेकांस झाला; १९६९ सालीं बंडखोर तरुणांनीं त्या मासिकाची होळीही केली. त्यांचा राग सर्वस्वीं अनाठायीं होता असें आम्ही म्हणत नाहीं. एकाच मासिकाच्या उंबरठ्यावर साऱ्या वाङ्मयाची पारख व्हावी, हें बरें नव्हे. परंतु तेथें केवळ नागर, गुळगुळीत लेखनासच थारा होता, हा आक्षेप टिकत नाहीं. माणदेशांतील धनगरांच्या वस्तीची 'बनगरवाडी' १९५५ सालीं मौजेनेंच पुस्तकरूपानें काढली. डहाक्यांची 'योगभ्रष्ट' ही दाहक दीर्घ कविता १९६६ सालीं 'सत्यकथे'नेंच छापली. होळी करणाऱ्यांस निदान जाळण्याजोगें कांहीं सांपडलें. आजच्या बंडखोरानें जाळावें तरी काय?

'सत्यकथा' १९८२ सालीं बंद पडली. मासिकें बंद पडतात, त्याचें आम्हांस फारसें नवल नाहीं. मात्र पुढील स्मृतिसभेंत प्रत्येक प्रकाशक-वक्त्यानें आरंभींच सांगावें: गेल्या वर्षीं किती हस्तलिखितें आपण वाचून, समासांत खुणा करून, लेखकाकडे परत पाठविलीं?