ओढ गाण्याची, भाषा इंग्रजीची

कुर्ला पश्चिमेच्या दाट वस्तीत वाढलेल्या नावेद शेख या मुलाने शॉन पॉल या जमैकन गायकाचे ‘टेंपरेचर’ हे गाणे ऐकले, त्याचे शब्द मिळवून पाठ केले आणि पुढे तो स्वतःच इंग्रजीत रॅप लिहू लागला. हाच ‘नेझी’. २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटाला त्याच्या आणि अंधेरीच्या ‘डिव्हाइन’च्या जीवनातून प्रेरणा मिळाली. शॉन पॉलची जमैकन वळणाची इंग्रजी परीक्षेत चालणारी नव्हे, हे उघड आहे. पण वर्गात दहादा घोकूनही जिभेवर न बसणारे शब्द तालाच्या ओढीने बसले, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तरीही माध्यम बदलल्याखेरीज इंग्रजी येत नाही, ही समजूत मध्यमवर्गीय घरांतून गेली नाही आणि मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत राहिले. वस्तुतः उणीव माध्यमाची नाही, ओढीची आहे. शिक्षकांनी वाक्यागणिक अर्थ सांगावा आणि मुलांनी तो वहीत उतरवावा, या परिपाठात ती निर्माण व्हावी कशी? एखादे गाणे, क्रिकेटचे समालोचन वर्गात ऐकवायला फारसा खर्च येत नाही. निवड अर्थातच शिक्षकांनी करावी. सारेच ऐकवण्याजोगे नसते.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेझीला २०१४ मध्ये नाव मिळवून देणारे ‘आफत’ हे गाणे इंग्रजीत नाही. ते मुंबईच्या गल्लीतल्या हिंदीत आहे.