दुसऱ्या शुल्काचा सापळा

दिंडोशीतील एखाद्या लेथ-कामगाराने यंत्रात काही नवी सुधारणा केली, तर तो अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात अर्ज करू शकतो. अर्जाचे शुल्क सामान्य व्यक्तीला १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,००० रुपये. हा भेद न्याय्यच आहे. परंतु एवढ्याने भागत नाही.

या शुल्कात अर्जाची केवळ नोंद होते. तो तपासला जावा म्हणून वेगळी विनंती करून आणखी ४,००० रुपये भरावे लागतात. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. ती चुकली की अर्ज मागे घेतला असे मानले जाते. दरम्यान १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झालेला असतो. म्हणजे कामगाराची कल्पना जगजाहीर होते, आणि हक्क मात्र त्याच्या पदरात पडत नाही!

शिवाय हे दर संगणकावरून अर्ज करणाऱ्यांसाठी आहेत. कागदी अर्जाला अनुक्रमे १,७५० व ४,४०० रुपये पडतात. ज्याच्याकडे साधने कमी, त्याच्याकडून अधिक वसुली, हे कोणते अर्थशास्त्र? कागदपत्रेही हिंदीत वा इंग्रजीतच हवीत.

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातील करार आहे: ज्ञान उघड करा, वीस वर्षांचा हक्क घ्या. करारातील एका पक्षाला त्याच्या अटीच उमगत नसतील, तर तो करार कसला? म्हणून व्यक्तिगत अर्जदारावरील कागदी अर्जाचा अधिभार रद्द करावा, आणि दुसऱ्या शुल्काची मुदत त्याला मराठीतून, वेळेवर, लेखी कळवावी. ही मागणी दयेची नाही, हक्काची आहे.